जयसिंगबद्दल एक चांगला शब्द

लवळे,
ता. ९ जून १९५९

जयसिंग,

आशीर्वाद आहेतच. ते दर पत्रात नव्याने लिहायला मी काही देवळातला पुजारी नाही. तुझं पार्सल पोचलं. एसटीच्या कंडक्टरने ते पिरंगुटाला उतरवलं आणि शेजारचा गेणबा बाजाराहून येताना डोक्यावर घेऊन आला. वाटेत त्याने सगळ्यांना सांगितलं की जयसिंगानं बापाला पुण्याची मिठाई धाडली. माणसं ओट्यावर जमली. आत तीन पुस्तकं निघाली तेव्हा ज्याला त्याला आपापली कामं आठवली.

पुस्तकात तुझं कार्ड होतं. घर सोडून गेल्यापासूनचं पहिलंच, म्हणून तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवलं. मुलगा झाला, दोघं बरी आहेत, हे कळलं. पुढचं वाक्य मी जसंच्या तसं उतरवतो, म्हणजे मी ते नीट वाचलं आहे हे तुला समजेल. ‘तुमच्याकडून माझ्याबद्दल एक तरी चांगला शब्द येईल, त्या दिवशी बाळाला घेऊन घरी येईन. कसा बोलायचा ते ठाऊक नसेल तर सोबतची पुस्तकं वाचा. आमच्याच छापखान्यात छापली आहेत आणि अक्षरांचे खिळे मी जुळवले आहेत.’

तुझी आई रडली आणि मग तिने आळीत साखर वाटली. कुणी विचारलं, “चंद्राबाई, नातू कसा हाय?” तर म्हणाली, “कसला ओ, काळं ठिक्कर असंल बापासारकं.” तिने अजून त्याला पाहिलेलं नाही. साखर घेणारीनेही मान डोलावली. हे मुद्दाम लिहितो, कारण पुण्यात राहून तुला आपली रीत परकी झाली असेल.

जगात आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आपल्याकडे उलट. बाब्यालाच कार्टं म्हणायचं. दूध देणारी म्हैस ‘आटलीय’, भरलेली कणगी ‘तळाला गेलीय’. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुला बघायला मंडळी आली तेव्हा मी तेच केलं. मुलीच्या मामाने विचारलं, मुलगा कसा आहे, आणि मी म्हणालो, “आळशी हाय. काडी हलवत न्हाई. तुमची पोरगी सांबाळून घेत असंल तर बगा.” मुलीचा बाप हसला, त्याला कळलं. मामा पुण्याच्या कचेरीतला, त्याने ते खरं धरलं आणि सोयरीक मोडली. तू ट्रंक उचललीस, पुण्याला गेलास आणि पुढे लग्नही परस्पर केलंस.

माझ्या जागी गावातला कुठलाही बाप तेच बोलला असता. मी चुकलो असं मला वाटत नाही. तू चुकलास असंही लिहीत नाही. भाताचा तरवा पेरून झाला आहे, तो लावणीला येईपर्यंत फार काम नाही. पुस्तकं वाचतो.

हैबतराव


लवळे,
ता. २६ जून १९५९

जयसिंग,

पहिलं पुस्तक वाचून झालं. ते मनाची ताकद वाढवण्याचं आहे. छपाई स्वच्छ आहे. त्यात लिहिलंय की यशस्वी माणसाने पहाटे उठावं. लिहिणाऱ्याने म्हशी पाळलेल्या नसाव्यात, नाहीतर ही गोष्ट पुस्तकात घालायची असते असं त्याला वाटलं नसतं.

मग म्हणतो, आरशासमोर उभं राहून मोठ्याने बोलावं, माझ्यात अपार शक्ती आहे. आपल्या घरात आरसा एकच, तुझ्या आईच्या फणीकरंड्याच्या पेटीतला. त्यात एका वेळी एक डोळा नाहीतर अर्धी मिशी दिसते. मी डोळ्याला सांगितलं. चुलीपुढून तुझी आई म्हणाली, “येवडी शक्ती असंल तर तेवडा बाभळीचा ओंडका फोडा.” फोडला. पुस्तकाचा एवढा गुण आला म्हणायला हरकत नाही.

दुसरं पुस्तक ध्येयाचं. आयुष्यात काय मिळवायचं ते एका कागदावर लिहावं, त्याचे लहान लहान भाग पाडावेत आणि कागद भिंतीला लावावा. मी ‘नातू बघणे’ एवढं लिहिलं. त्याचे भाग काही पडेनात. कागद सारवलेल्या भिंतीला चिकटलाही नाही, खाली पडला आणि कोंबडीने त्याच्यावर पाय दिला. तो उचलून मी पागोट्यात ठेवला आहे.

तिसरं माणसं जोडण्याचं. समोर येईल त्याच्याकडे बघून हसावं, असं पहिल्याच पानावर आहे. सकाळी गेणबा भेटला, त्याच्याकडे बघून हसलो. तो थांबला, चपळाईने मागे वळून बघितलं आणि जवळ येऊन हळूच म्हणाला, “हैबतराव, जमीन इकायचा इचार हाय का? दुसऱ्याला सांगू नगा, मी हाय.” त्याची समजूत घालण्यात माझा सकाळचा वेळ गेला.

पुढे एक मोठं प्रकरण आहे. लोकांचा चांगुलपणा त्यांच्या तोंडावर, नाव घेऊन, कारण सांगून, मोकळेपणाने बोलून दाखवावा. तुझ्या अटीचं उत्तर तिथे आहे हे मला कळतं. वाचताना दोनदा पुस्तक मिटलं, पण पान उलटलं नाही. लेखक म्हणतो की ज्यांना हे जड जातं त्यांनी आधी परक्यांवर सराव करावा, मग घरच्यांकडे वळावं. मला पटलं. नवा बैलही आधी मोकळ्या रानात जुंपतात.

तुझी आई रोज विचारते, “लिवला का सबुद?” मी सांगतो, सराव करतोय.

हैबतराव


लवळे,
ता. १९ जुलै १९५९

जयसिंग,

सराव केला. काय झालं ते सांगतो.

आपल्या खालच्या खाचराला लागून कोंडाजीचं खाचर आहे, तुला ठाऊक आहे. लावणीआधीची चिखलणी चालली होती. तो त्याच्या जागी, मी माझ्या. त्याचा तो नवा पांढरा बैल खरोखरच देखणा आहे. मी बांधावर उभा राहिलो आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे नाव घेऊन, कारण सांगून ओरडलो, “कोंडाजी, तुझ्या ह्या बैलासारका बैल अख्ख्या मुळशीत न्हाई! काय त्याचा खांदा, काय चाल! तू त्याला लई चांगला राखलाय!”

आसपासच्या खाचरांतली माणसं हातातलं काम टाकून माझ्याकडे बघायला लागली. कोंडाजीने औत थांबवलं. बैल सोडले, चिखलणी अर्धी टाकली आणि घराकडे गेला. मला वाटलं, लाजला असेल. लाजल्यावर माणूस कसा दिसतो ते लेखकाने लिहिलेलं नाही.

संध्याकाळी बैल आडवा झाला. पोट नगाऱ्यासारखं फुगलं. कोंडाजीची बायको गोजराबाई आपल्या अंगणात आली, आणि आळीतली निम्मी माणसं तिच्या मागे.

“हैबतमामा, आमी तुमचं काय वाकडं केलं व्हतं?”

मी म्हणालो, “गोजरा, बैलानं कवळं गवत खाल्लंय, दुसरं काय न्हाई. हिंग घालून त्याल पाजा, उठंल.”

“गवत समद्यांचीच बैलं खात्यात. तुमी वाखाणला तो येकच कसा पडला?”

याचं उत्तर शोधायला मी तिसरं पुस्तक पुन्हा चाळलं, त्यात नाही.

तेल मीच नेलं. कोंडाजीने घेतलं, बांबूच्या नळीतून पाजलं, पण मला गोठ्याच्या बाहेर उभं केलं. बैल उठला, पण लावणीपुरता कामातून गेला. मग मी आपला एक बैल नेऊन त्याच्या दावणीला बांधला. मुकाट्याने. तोंड उघडायची सोय राहिली नव्हती. आपली लावणी मागे पडली आहे, रोपं पिवळी पडायला लागली आहेत. चार दिवसांत उरकेल.

आता मी आळीतून चाललो की बायका कडेवरच्या पोरांवर पदर ओढतात. गेणबाची सून, जी मला पोर सांभाळायला द्यायची, तिने काल मला बघून पोराच्या गालाला चुलीची राख फासली. माझ्यादेखत. पोर हसत होतं. मी दुसरीकडे बघितलं.

आणि तुझी आई. इतके दिवस ‘सबुद लिवा, सबुद लिवा’ म्हणून मागे लागली होती. आता म्हणते, “माझ्या लेकराचं नाव सुदिक काडू नगा. तुमच्या जिबंला काय झालंय कुणास ठावं. त्यो तितं सुकी हाय, ऱ्हाऊ द्या.”

असं आहे. तुझी अट मी विसरलेलो नाही.

हैबतराव


लवळे,
ता. २२ ऑगस्ट १९५९

जयसिंग,

तुझं उत्तर मिळालं. ‘कोंडाजीच्या बैलाला शब्द मिळाला, मला नाही,’ असं तू लिहितोस. वाचून मला हसू आलं. नंतर आलं नाही.

दुसरी बातमीही वाचली. तुमचे मालक नागपूरला नवा छापखाना काढतात आणि तिथला कारभार तुझ्यावर सोपवतात, दसरा झाला की तुम्ही तिघं जाणार. तुझ्या आईने विचारलं, नागपूर म्हणजे साताऱ्याच्या पुढे का? मी सांगितलं, साताऱ्याची ती दिशाच नव्हे. ती सूप घेऊन बसली आणि निवडलेलेच तांदूळ परत निवडले.

तू लिहितोस, इतकी शिकलेली माणसं पुस्तकं लिहितात ती काय खोटी, आणि बैलाचं पोट फुगलं ते तुमच्या शब्दाने, असल्या गोष्टी तुम्ही अजून मानता का? मी मानत नाही. मी मराठी चौथी पास आहे आणि कोवळ्या गवताने पोट फुगतं हे मी गोजरेला भर अंगणात सांगितलं. पण न मानणं वेगळं आणि आपलं पोरगं पणाला लावणं वेगळं. कोंडाजीचा बैल होता, उठला. मी तुझ्याबद्दल शब्द लिहावा आणि उद्या तू तापाने पडावास, मग मी कुणाला सांगत बसू की तो नुसता हिवताप होता?

तरी मी बसलो होतो. दोन ओळी लिहिल्या, वाचल्या आणि चुलीत घातल्या. कागद वाया गेला. पुस्तकात म्हटलंय की प्रयत्न करणाऱ्याचं अपयशसुद्धा यशाची पायरी असतं. असेल. आपल्या घराला पायऱ्या नाहीत, ओटाच आहे.

भात बरं आहे. म्हणजे, विशेष नाही.

हैबतराव


लवळे,
ता. १५ सप्टेंबर १९५९

जयसिंग,

मी पुण्याला येऊन गेलो. तुझ्या आईने घेवड्याच्या शेंगा आणि नवी गोधडी दिली होती. गोधडी कुणासाठी ते ती बोलली नाही, पण ती जेमतेम माझ्या गुडघ्याएवढी आहे.

छापखाना सापडला. तुमचे मालक दारात आले होते, भला माणूस वाटला. दोन शब्द बोललो. काय बोललो ते विशेष नाही. एसटी चुकेल म्हणून आत आलो नाही, पिशवी त्यांच्यापाशी ठेवली. मिळाली असेल.

शेंगांच्या शिरा काढायला सूनबाईला सांग. बाकी ठीक.

हैबतराव


लवळे,
ता. ५ ऑक्टोबर १९५९

जयसिंग,

तुझं कार्ड आलं. ‘छापखान्याच्या दारात उभं राहून मालकांसमोरही तुम्ही तेच बोललात. सगळे हसले. आता चांगला शब्द नको, वाईट नको, काहीच लिहू नका. दसऱ्यानंतर आम्ही इथे नसू.’

मागच्या पत्रात मी ते लपवलं होतं. तू मान वर केली नव्हतीस, म्हणून मला वाटलं तू ऐकलं नाहीस.

झालं ते असं. मालकांनी विचारलं, कोण पाहिजे. मी म्हणालो, जयसिंगाचा बाप आहे. त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, “फार गुणी मुलगा आहे हो तुमचा.” आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हणालो, “कसला गुणी, घरी काडी हलवत नव्हता.” मी ठरवून बोललो नाही. दारावरच्या परक्या माणसाने आपल्या पोराला वाखाणलं तर बापाने काय करायचं? अंगावर काही पडायला लागलं की हात आपोआप वर जातो, तसं ते तोंडातून गेलं. आतली माणसं हसली. मालक नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी पिशवी ठेवली आणि निघालो. एसटीला अजून पुष्कळ वेळ होता. मी स्टँडवर बसून राहिलो.

तुझं कार्ड वाचून मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी मी जेवलो नाही. तुझ्या आईला सांगितलं की पोट बिघडलंय.

काहीच लिहू नका म्हणतोस, तरी हे एक वाच.

मालक बाहेर यायच्या आधी मी रस्त्याकडच्या खिडकीशी उभा होतो. बराच वेळ. तू मान वर केली असतीस तर मी खिडकीखाली दडलो असतो, इतका मी भ्यालो होतो. तुझा उजवा हात त्या खिळ्यांच्या खणांवरून फिरत होता आणि तू तिकडे बघतही नव्हतास. तुझी आई लावणीला रोप लावते तेव्हा हाताकडे बघत नाही, तसं. तुझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ काम करत होते. ते सारखे डोळे चोळत होते. त्यांच्यापुढचा कागद तू काही न बोलता उचललास आणि आपल्यापुढे ठेवलास. त्यांनी तुझ्याकडे बघितलं, तू बघितलं नाहीस. मी ते बघितलं.

तुझं काम चोख आहे. तुझा हात चांगला आहे आणि मन त्याहून चांगलं आहे.

तू आळशी कधीच नव्हतास. मी हिवतापाने पडलो होतो त्या वर्षी सगळी चिखलणी तू एकट्याने काढलीस आणि मला सांगितलंस की गेणबा मदतीला होता. गेणबाने मला त्याच आठवड्यात खरं सांगितलं. मी घोंगडीखाली तोंड करून पडून राहिलो, कारण तू समोर आला असतास तर तोंडातून काहीतरी निघालं असतं. त्या दिवशी मला वाटलं होतं की असा मुलगा या गावात दुसऱ्या कुणाच्या पोटी आलेला नाही. अजून वाटतं. ती सोयरिकीची माणसं तुला बघून गेली तेव्हाही तेच वाटत होतं. वाटत होतं म्हणूनच तसं बोललो.

लहानपणापासून मला तू आवडतोस, जयसिंगा. मला तुझा अभिमान आहे. हा शब्द पुस्तकातला आहे. आपल्याकडे असल्या वेळी काय म्हणतात ते मी आठवून बघितलं. आपल्याकडे काही म्हणत नाहीत.

अक्षर वेडंवाकडं येतंय, समजून घे. तुझ्या आईला सांगितलेलं नाही, ती खाचरात पाखरं हाकायला गेली आहे. ती परत यायच्या आत मी स्वतः पिरंगुटाला जाऊन पत्र टाकतो. नागपूरला जायच्या आधी ये, असं लिहीत नाही. अट तू घातली होतीस. ती पुरी झाली की नाही ते तू ठरव.

माझं एक काम कर. बाहेर कुणाला हे वाचून दाखवू नकोस. वाचून झालं की कागद जाळ, आणि सूनबाईला सांग, मीठ-मोहऱ्या घेऊन आजच्या आज दृष्ट काढ. बाळाची नको, त्याच्याबद्दल मी काही बोललेलो नाही. तुझी काढायला सांग.

हैबतराव